जिथं फिरतं तिथं कुंकू

१९८७ साल. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि हिंगणघाटला शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मिस्त्री होतो. शाळा चौथीपर्यंत. चौथी पास की नापास हे कोणी विचारू नये, कारण मास्तर निकाल सांगायच्या आतच मी शाळा सोडली होती. पण सोळा रेचे माझ्या हाताखाली चालायचे. रेचा म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचं यंत्र. शेडच्या दारात उभं राहून, नुसत्या आवाजावरून, कोणत्या रेच्याची बेरिंग कोरडी पडली ते मी सांगत असे. त्यात मी कधी चुकलो नाही. चुकलो असतो तर इथं लिहिलं असतं, कारण दुसरी एक मोठी चूक लिहायलाच मी बसलो आहे.

आदल्या हंगामात, थंडीच्या दिवसांत, नागपूरहून ट्रक आला आणि त्यातून कॉम्प्युटर उतरला. आजच्यासारखा खिशात मावणारा नव्हे. सहा हमाल लागले. कुठल्या तरी मोठ्या ऑफिसनं जुना म्हणून काढून टाकलेला, आमच्या सोसायटीनं घेतलेला. एक गोदरेजच्या कपाटाएवढं धूड, एक हिरव्या अक्षरांचा टीव्ही, एक छापायचं मशीन, आणि दोन पेट्या. आता घरोघरी कपडे धुवायचं मशीन असतं ना, वरून झाकण उघडायचं, त्या पेट्या तशाच होत्या. पहिल्या दिवशी आमच्या हमालांना वाटलं मॅनेजर साहेबांचे कपडे धुवायला आणल्या.

त्या पेटीत एक डब्बा बसायचा. इंजिनिअर त्याला डिस्क पॅक म्हणायचा, आम्ही डब्बाच म्हणायचो. एकावर एक रचलेल्या तपकिरी तबकड्या, दोन तबकड्यांमध्ये बोटभर जागा, आणि वरून पारदर्शक झाकण, मिठाईवाला पेढ्यांवर ठेवतो तसं. झाकणाला मूठ. डब्बा पेटीत बसवला, मूठ फिरवली की झाकण हातात येतं आणि तबकड्या आत राहतात. पेटी सुरू केली की तबकड्या गरगर फिरतात आणि बारीक लोखंडी बोटं त्यांच्यामध्ये शिरून लिहितात, वाचतात. त्या बोटांच्या टोकाला डोकं म्हणायचे. माझ्या डोक्यात हे पहिल्याच दिवशी बसलं. फिरणारी वस्तू मला कोणी शिकवावी लागत नाही.

कॉम्प्युटर आणायचं कारण वाळवी. सोसायटीच्या सभासदांची जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली होती. कोण सभासद, कोणत्या गावचा, त्याच्यामागे वारस कोण, सगळं त्यात होतं. एखादा म्हातारा गेला की त्याची बायको किंवा पोरगा यायचा आणि बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, रजिस्टर उघडायचे तर पानाची जाळी झालेली. म्हणून वर्ध्याच्या एका बाईंना नोकरीवर घेतलं, तेही तात्पुरतं. बी.कॉम. झालेल्या, चोवीस-पंचवीस वर्षांच्या. रोज वर्ध्याहून एसटीनं यायच्या, एसटीनं जायच्या. त्यांनी त्या कुरतडलेल्या पानांवरून एकेक नाव काढलं. जिथं पान नव्हतं तिथं माणसाला विचारलं. रविवारी गावोगावी गेल्या. वडनेरच्या माझ्या चुलत्याचं नाव वाळवीनं अर्धं खाल्लं होतं, ते मी पूर्ण करून दिलं. काही नावं सांगणारे म्हातारे त्याच वर्षी वारले. म्हणजे ती नावं आता कागदावरही नव्हती आणि माणसाच्या तोंडातही नव्हती. फक्त त्या तबकड्यांवर होती. दहा महिने बाई हेच करत होत्या. काम तडीला गेलं की नोकरी पक्की, असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं.

दर शनिवारी त्या दोन्ही पेट्या लावायच्या. डाव्या पेटीत रोजचा डब्बा, उजव्या पेटीत दुसरा. डावीकडचं सगळं उजवीकडं उतरवून घ्यायच्या आणि तो दुसरा डब्बा लोखंडी कपाटात कुलपात. उजवी पेटी मग आठवडाभर रिकामी.

इंजिनिअर नागपूरचा. पोरगाच होता, मिशी अजून नीट फुटायची होती. पहिल्या दिवशी मी पेटीचं झाकण उचलून वाकून पाहत होतो तर म्हणाला, ‘‘मिस्त्री, हे काई तुमचा रेचा नोहे. याले हात लावायचा नाई.’’

‘‘काऊन?’’ मी कारण विचारलं.

‘‘सांगून समजणार नाई तुमाले.’’

हे मी गाठीला बांधून ठेवलं. मी विसरणारा माणूस नाही.

पण जिनिंगमध्ये कॉम्प्युटर चालवायचा तर मिस्त्रीशिवाय भागत नाही. हंगामात आमच्या आवारात रुईचे तंतू उडतात. डोक्यावर, भाकरीवर, चहात, सगळीकडे. आठ दिवसांत बाईंच्या खोलीतला एसी गुदमरला. मी खोलीला एकापुढे एक दोन दारं केली, मधल्या जागेत ओला बारदाना म्हणजे गोणपाट टांगला, चपला बाहेर. येणाऱ्यानं आधी तिथं उभं राहून कपडे झटकायचे. बडेबाबू म्हणाले, ‘‘देवळात इतकं सोवळं नाई.’’ मी म्हणालो, ‘‘देवळातला देव फिरत नाई. हा फिरते.’’

मग पट्ट्याची भानगड झाली. डावी पेटी चालता चालता मधेच थांबायची. इंजिनिअर तीनदा येऊन गेला. कधी ही पाटी बदल, कधी ती तार बदल. चौथ्यांदा बाईंनी मलाच हाक मारली.

‘‘मिस्त्री, आज पुन्हा मधातच थांबलं.’’

मी स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पेटीच्या कुशीला टेकवलं, मूठ कानाला लावली. सगळे मिस्त्री असंच ऐकतात, डॉक्टर नळी लावतो तसं.

‘‘पट्टा घसरून राह्यला.’’

‘‘यात पट्टा असते?’’

‘‘जे फिरते त्याले कोणीतरी फिरवते बाई.’’

मागची फळी काढली. आत मोटर, आणि मोटरवरून तबकड्यांच्या शाफ्टवर गेलेला पट्टा. सैल पडून गुळगुळीत झालेला. अर्ध्या तासात ताणून दिला. पुढच्या खेपेला इंजिनिअरनं ते पाहिलं, कोणी केलं म्हणून विचारलं, बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं पट्टा एकदा दाबून पाहिला. चहा पिला आणि गेला. पण त्या दिवसापासून साहेबांनी खोलीची एक चावी मला दिली. एसीची जाळी धुवायला, असं सांगून. मला मात्र ठाऊक होतं की ती चावी कशाची होती.

आता दसऱ्याचं सांगतो.

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते आणि ती मिस्त्रीच्या हातानं होते. सोळा रेचे, गाठी दाबायचा प्रेस, इंजिन, वजनकाटा, आणि शेवटी पोत्यावर मांडून माझे पाने-हातोड्या. ज्या उस्तादाच्या हाताखाली मी शिकलो तो पूजेत फार कडक होता. म्हणायचा, ‘‘कुंकू वरून वरून लावायचं नाई. जिथं फिरते तिथं लावायचं. मशीनचं कपाळ म्हणजे शाफ्ट.’’ पत्र्याला टिळा लावणारा मिस्त्री त्याला चालायचा नाही. मी स्वतः रोज सकाळी आंघोळ झाली की कपाळाला कुंकवाचा टिळा लावतो, लहानपणापासून. तर यंत्राचंही कपाळ कोरं राहू नये, इतकी ती साधी गोष्ट.

सुट्टीच्या आदल्या दिवशी बाई निघता निघता म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, आत काही पूजा-बिजा करू नका हं. दाराले हार लावजा.’’

मी म्हणालो, ‘‘लावतो.’’

आणि लावला. झेंडूचा, चांगला भरगच्च. मी खोटं बोललो नाही. पण दाराला हार लावून मी मागे झालो आणि मला ते बरं वाटेना. पट्टा मी ताणला, धूळ मी अडवली, आणि पूजा मात्र बाहेरून? सांगून समजणार नाही अशा माणसासारखी? चावी खिशात होती. मी आत गेलो.

धूर नको हे मला कळत होतं, म्हणून उदबत्ती पेटवली नाही, कापूर नाही. इतकी काळजी घेतली आणि त्याचाच मला गर्व. डाव्या पेटीचं झाकण उचललं. डब्बा आतच होता, तबकड्यांच्या मधोमध मळसूत्राची जागा. तिथं ओल्या हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकू. उजवी रिकामी. तिच्यात मधोमध शाफ्टचं चकचकीत टोक होतं, त्यालाही हळद, त्यालाही कुंकू. आपट्याची दोन पानं वाहिली आणि उचलून घेतली. मग आठवलं, की उद्या बाई झाकण उघडतील आणि बोलतील. म्हणून रुमालानं दोन्ही टिळे पुसले. पूजा झाली होती, टिळा राहिलाच पाहिजे असं नाही. चिमूटभर कुंकू इकडं तिकडं सांडलं होतं.

ते मी फुंकून टाकलं.

चांगला छाती भरून फुंकलो. दोन्ही पेट्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्ध्याहून आल्या, साहेबांना सोनं दिलं, मलाही दिलं, आणि खोलीत गेल्या. मी बाहेरच्या दारापाशी एसीची जाळी झटकत होतो. परवा सभासदांची सभा होती. यादी छापून भिंतीवर लावायची होती, दहा महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांना दिसेल अशी. बाईंनी डावी पेटी सुरू केली. घरघर चढत गेली, नेहमीची. मग डोकी आत शिरतात तेव्हाची टक. आणि मग चर्रर्र. रेच्याच्या सुरीखाली खडा आला की जो आवाज येतो तोच, पण बारीक, काच कापल्यासारखा. बाईंनी बटण बंद करेस्तोवर जळका वास दारापर्यंत आला.

मला त्याच क्षणी कळलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायची गरज पडली नाही.

साहेब धावत आले. बाईंचा चेहरा पांढराफटक. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, या डब्यातलं गेलं वाटते.’’ साहेबांनी नागपूरला फोन लावला. लाइन मिळायला वेळ लागला, तेवढा वेळ आम्ही दोघं त्या खोलीत उभे होतो, मी आणि बाई, आणि मी काही बोललो नाही. हे मी लपवत नाही. बोललो नाही.

साहेब परत आले ते हलके होऊन आले. ‘‘इंजिनिअर म्हणते, ते झाकण उघडू नका, तो दुपारी येतेच. पण दुसरा डब्बा आहे ना कपाटात? म्हणते, तो दुसऱ्या मशीनवर लावा आन् काम चालू ठेवा. त्यासाठीच तं दोन मशीन आहे.’’

बाईंच्या जिवात जीव आला. कपाट उघडून त्यांनी तो दुसरा डब्बा आणला. शनिवारी उतरवलेला, शाबूत. उजव्या पेटीचं झाकण उचललं. आत शाफ्टचं टोक चकचकत होतं, जरासुद्धा लाल नव्हतं. मी रुमाल चांगला चालवला होता.

मी पुढं होऊन पेटीवर हात आडवा ठेवला.

‘‘इंजिनिअर येऊ द्या. मग लावू.’’

‘‘मिस्त्री, इंजिनिअरनंच सांगितलं,’’ साहेब म्हणाले.

‘‘याचाही पट्टा ढिला असंन. मी पाहतो आधी.’’

‘‘शनिवारी चांगलं चाललं की हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमीच तं पाहिलं.’’

‘‘शनिवार गेला.’’

‘‘मिस्त्री, बाजूले व्हा,’’ साहेबांचा आवाज चढला. ‘‘परवा सभा आहे. तुमाले काई समजते का यातलं?’’

समजत नाही असं म्हटलं असतं तर बाजूला होता आलं असतं. कोणी मला कधी विचारलं नसतं. तो डब्बा लागला असता, चर्र झालं असतं, आणि सगळ्यांनी जुन्या मशीनला, नागपूरला, नशिबाला शिव्या घातल्या असत्या. रुमाल मी घरी धुवून टाकला होता. मला माझी अब्रू फार प्यारी आहे, तेव्हाही होती. पण बाईंच्या हातातला डब्बा पेटीच्या तोंडाशी आला होता आणि त्यात त्या मेलेल्या म्हाताऱ्यांची नावं होती, आणि मला यातलं समजत होतं. त्या खोलीत मला एकट्यालाच समजत होतं.

‘‘मी दोन्हीले कुंकू लावलं,’’ मी म्हणालो. ‘‘काल. आतमधी, फिरते तिथी. मंग पुसलं. आन् फुंकलं.’’

बाईंनी डब्बा पेटीवरून मागे ओढला.

‘‘कशाले?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘दसरा होता.’’

‘‘बाईनं नाई म्हणलं होतं ना तुमाले?’’

‘‘म्हणलं होतं.’’

साहेब जे बोलले ते मी लिहीत नाही. त्यांचा हक्क होता. चावी द्या आणि निघा, असा त्याचा सारांश. मी चावी काढून टेबलावर ठेवली. तेव्हा बाई बोलल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. डब्बा पोटाशी धरून उभ्या होत्या.

‘‘थांबा साहेब. त्यायले जाऊ देऊ नका.’’ आणि तो डब्बा त्यांनी माझ्या हातात दिला. ‘‘धरा, मिस्त्री. इंजिनिअर येईपर्यंत खाली ठेवायचा नाई. माह्या दहा महिन्याचं ओझं किती हाय ते पाहा जरा.’’

साहेबांच्या खोलीतल्या लाकडी बाकावर मी बसलो, मांडीवर डब्बा. सकाळची दुपार झाली. आवारात बातमी पसरायला किती वेळ लागतो? रेच्यावरच्या बाया पाणी प्यायच्या निमित्तानं खिडकीशी येऊन पाहून जायच्या. प्रेसवाला म्हणाला, ‘‘मिस्त्री, बारसं कधी हाय?’’ एक हमाल म्हणाला, ‘‘पोरगं कोणावर गेलं जी?’’

‘‘तुह्या बापावर,’’ मी म्हणालो. ‘‘चाल, काम कर.’’

बाईंनी जेवणाच्या सुट्टीत पाण्याचा गिलास आणून बाकावर ठेवला आणि गेल्या. मी दोन्ही हात डब्यावरचे काढले नाहीत, म्हणून तो गिलास तसाच राहिला.

इंजिनिअर फटफटीवर आला. डावी पेटी उघडली, वाकून पाहिलं, तोंडानं च्‌ केलं. वरच्या तबकडीवर बांगडीसारखा गोल ओरखडा, तपकिरी रंग खरवडून खालची चांदी दिसत होती. मग उजवी उघडली. पांढरं फडकं बोटाला गुंडाळून त्यानं आतल्या कोपऱ्यांतून, डोक्यांच्या खालून, हवा आत यायच्या भोकातून फिरवलं आणि उजेडात धरलं. फडक्याचं टोक गुलाबी.

‘‘हा डब्बा इथं लागला असता तं हाही गेला असता,’’ तो म्हणाला. ‘‘अन् मीच लावा म्हणलं होतं.’’ मग माझ्याकडे वळला. ‘‘तुमाले सांगितलं होतं ना मिस्त्री, हात लावायचा नाई म्हणून?’’

मी बाकावरून उठलो नाही.

‘‘सांगितलं होतं. काऊन ते नाई सांगितलं. मी इचारलं होतं.’’

आठवलं असावं त्याला. मग त्यानं साहेबांच्या टेबलावरचा कागद घेतला, माझ्या शेजारी बाकावर बसला आणि चित्र काढून दाखवलं. ते डोकं तबकडीला टेकतच नाही. तबकडी इतक्या जोरात फिरते की तिच्यावरची हवा त्याला उचलून धरते, आणि मधली फट इतकी बारीक की केस म्हणजे तिथं झाडाचं खोड. धुराचा कण मावत नाही, तर कुंकवाचं काय?

मला ते एका मिनिटात समजलं. रेच्यातही सुरी चामड्याच्या रोळाला किती टेकते ते मी कागदाचा तुकडा सरकवून पाहतो. कागद जाड निघाला तर सरकी फुटते. तीच गोष्ट, फक्त इथं कागद म्हणजे हवा.

‘‘एवढंच सांगायला तुमाले दहा महिने लागले,’’ मी म्हणालो.

बाई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा. साहेब हसले नाहीत, पण टेबलावरची चावी त्यांनी उचलून खणात ठेवली नाही, हे मी पाहून घेतलं.

मी माफी मागितली ती फक्त बाईंची. पूजेची नाही. पूजा चुकली नव्हती, जागा चुकली होती, आणि फुंकर चुकली होती. आजही मी हेच म्हणतो.

इंजिनिअर म्हणाला, दोन्ही पेट्या उघडून साफ करायला आठ दिवस लागतील, एकीची डोकी बदलावी लागतील. तोवर हा डब्बा नागपूरला आणा, तिथल्या चांगल्या मशीनवर उतरवून घेऊ आणि यादीही तिथंच छापू. फटफटीवर तो नेता येणार नव्हता, धक्के बसतील. साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, ‘‘मिस्त्रीच आणतीन. मी वर्ध्याहून येऊन जामच्या चौरस्त्यावर चढतो.’’

त्या डब्यातलं सगळं नागपुरात जसंच्या तसं निघालं, हे आत्ताच सांगून टाकतो, वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवायची मला हौस नाही. माझ्या चुलत्याचं नावही निघालं. सभेच्या दिवशी यादी भिंतीवर लागली. बाई पक्क्या झाल्या आणि पुढं त्या सोसायटीच्या बडेबाबू होऊन निवृत्त झाल्या. चावी मला परत मिळाली. पुढच्या प्रत्येक दसऱ्याला त्या खोलीच्या बाहेरच्या दारावर, कडीच्या बिजागरीला मी कुंकू लावत आलो. बिजागरीही फिरतेच. पेट्या पुढं भंगारात गेल्या तेव्हा तो गेलेला डब्बा मी मागून घेतला. त्याची वरची तबकडी वडनेरला माझ्या पडवीत खिळ्याला लटकते आहे, ओरखड्यासकट. नातवंडं विचारतात, तेव्हा सांगतो, ही मी खराब केली. दुसरी वाचवली ती कुठं आहे, असं विचारलं तर त्याचं उत्तर भिंतीवर टांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी डब्बा घरी नेला, पहाटेची गाडी धरायची म्हणून. हिंगणघाटच्या भाड्याच्या खोलीत जागा ती किती. खाटेवर धुतलेली चादर अंथरून त्यावर ठेवला. मी पाय धुवून येतो तर बायको हळदी-कुंकवाची कुयरी घेऊन खाटेपाशी वाकलेली.

‘‘हात लावू नको!’’ मी असा ओरडलो की शेजारीण डोकावली.

‘‘काऊन? घरात आलेल्या वस्तूले कुंकू नाई लावायचं?’’

‘‘नाई.’’

‘‘अन् हे तुमी सांगून राह्यले? तुमी?’’

मग मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. फट, हवा, केसाचं खोड, सगळं. नुसतं नको म्हणून भागत नाही, काऊन तेही सांगावं लागतं, हे मी त्याच दुपारी शिकलो होतो. तिनं ऐकून घेतलं, कुयरीचं झाकण लावलं आणि कुयरी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. म्हणाली, ‘‘एवढ्या नाजूक पाहुण्याले घरी आणायचं कशाले?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, साबणानं दोनदा हात धुतले, धुतलेला सदरा घातला, आणि देवापुढं उभा राहिलो. कुंकवाची डबी तिथंच होती. बोट तिच्यावर गेलं, सवयीनं. मी ते मागे घेतलं, हात जोडले आणि वळलो.

बायको दारात होती. ‘‘कोऱ्या कपाळानं चालले?’’

‘‘आज मांडीवर डब्बा हाय,’’ मी म्हणालो.

ती पुढं आली. पदरानं माझं कपाळ पुसून पाहिलं, कालचं काही उरलं नाही ना म्हणून.

नागपूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर म्हणाला, ‘‘भाऊ, डब्बा वरते ठेवा ना, लोकायले उभं राहाले जागा नाई.’’ मी म्हणालो, ‘‘मी उभा राहतो, पण हा वरते जाणार नाई.’’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि पुढं गेला. मी खिडकीची काच वर ओढून घट्ट लावली, धूळ येऊ नये म्हणून, आणि जामच्या चौरस्त्यावर बाई चढेपर्यंत दोन्ही हात त्या झाकणावर ठेवून बसून राहिलो.